चुकलं की हात वर

लेकीने प्रयोगासाठी आणलेला नादकाटा आज टेबलावर आपटला आणि त्याची बारीक गुणगुण ऐकताच मला वाशीच्या शाळेतला हॉल आठवला. मी सातवीत होते. जर्मनीहून मुलांचा एक गायकवृंद आला होता आणि आम्ही त्यांच्यासोबत सराव करत होतो.

गाता गाताच त्यांच्यातला एक मुलगा हात वर करून खाली घ्यायचा.

"बाथरूमला जायचंय वाटतं," शेजारची सुषमा कुजबुजली.

असाच नादकाटा वाजवून सूर देणाऱ्या त्यांच्या सरांनी सांगितलं, आमच्याकडे चुकणारा स्वतःच हात वर करतो, म्हणजे गाणं थांबवून चूक शोधावी लागत नाही.

आमच्या गाण्याच्या बाई मात्र चुकणाऱ्याला कार्यक्रमातूनच काढायच्या. पुढच्याच कडव्यात माझा सूर घसरला. कुणालाही कळलं नव्हतं. मला गायचं होतंच, पण लपवून नाही. मी हात वर केला.

"ए वेडे, खाली घे!" सुषमाने चिमटा काढला.

बाईंनी बघितलं. सराव संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या लवकर ये. ती ओळ घोटून घेऊ."

दुसऱ्या दिवशी पेटीवर बाईंचंच बोट चुकलं. त्यांनी भाता सोडून डावा हात वर केला.

तेव्हा मला माझंच धाडस मोठं वाटलं होतं. आता बाईंच्या वयाची झाल्यावर कळतं, त्यांचा तो हात उचलायला जास्त जड होता.