बाबांनी खोडलेली नावं

मंडळी, आज आमच्या थेरगावच्या घरी विद्यापीठातून एक ताई आल्या होत्या. सत्तरच्या दशकातल्या विद्यार्थी आंदोलनाचे कागद त्या जमवतायत. बाबांनी बैठकांची जुनी वही काढून दिली.

उघडली, तर हजेरीतलं प्रत्येक नाव शाईनं खोडलेलं!

"आमच्यातली पोरं पिंपरीला कंपन्यांत लागत होती," बाबा म्हणाले. "वही कुणाच्या हाती पडली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या."

मग चष्मा पुसून त्यांनी दुसऱ्या ओळीपासून एकेक नाव सांगितलं. एकही अडलं नाही. ताई लिहीत गेल्या.

"बाबा, पहिलं राहिलं की."

"ते माझं. सगळ्यात आधी तेच खोडलं होतं मी."

ताईंनी पेन पुढे केलं. बाबांनी हात मागे घेतला.

मग मीच ताईंच्या यादीत बाबांचं नाव लिहिलं, चांगलं मोठ्या अक्षरात. चुकलं का हो माझं?