खुर्चीबिगर न वाजणारं वाद्य

आमच्या देवानंद भावजींनी घरात पहिल्यांदा आणली ती बायको न्हाई, चेलो. आता चेलो म्हंजे काय हे सांगायला मला जड जातंय, कारण तो येईस्तोवर आमच्या वाटूरात कुणी पाह्यलाच नव्हता. तुम्ही सारंगी पाह्यली असंल. तिला खाऊपिऊ घालून माणसाएवढी वाढवा, खाली एक लोखंडी पाय लावा, दोन्ही गुडघ्यांत धरा आणि गजानं घासा. झाला चेलो. आवाज मात्र नाजूक न्हाई. घरातला कर्ता माणूस जेवून ओसरीत टेकतो आणि स्वतःशीच हळू बोलतो, तसा.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट, चौऱ्याहत्तरची. जालन्याची एस.टी. फाट्यावर थांबली आणि टपावरून गोधडीत गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं एक धूड खाली आलं. हॉटेलातले लोक कपबशा हातात धरून उभे राह्यले. एकानं तर डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गेलं रे देवानंद?"

"गेलं न्हाई कुणी. आलंय," भावजी म्हणाले आणि ते धूड खांद्यावर घेऊन वस्तीकडं चालू लागले. मागं निम्मा फाटा.

अंगणात गोधडी सोडली तेव्हा माझ्या हातातली घागर वाकडी होऊन पाणी सगळं पायावर. सासूबाई, केशरबाई नाव त्यांचं, दोनदा भोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "आगं कांता, ही तर गरवार सारंगी हाय! आता हिचं बाळंतपण बी आपणच करायचं का?"

सगळे हसले. मामंजी हसले न्हाईत. माझे सासरे, तातेराव. ते बाजेवरून उठले, जवळ आले, हात न लावता वाकून बघितलं आणि एकच विचारलं, "वाजतं?"

"वाजतं, आबा."

"मंग या घरात वाजायचं न्हाई."

यामागं काय होतं ते सांगते. एके काळी मामंजी पाच गावांत नावाजलेले हलगीवाले. गावात लग्न असो, पोळा असो, कुणाचं मयत असो, मांडवाच्या बाहेर, चपला काढतात तिथं उभं राहून वाजवायचं आणि वरून टाकलेली भाकर पदरात घ्यायची. ज्या साली आपल्या लोकांनी धम्म घेतला, त्या साली वस्तीनं ठराव केला: मेलेलं ढोर ओढायचं न्हाई, गावाच्या दारात वाजवायचं न्हाई. मामंजींनी स्वतःची हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. चामड्याचा तो वास दोन दिवस घरातून गेला न्हाई, असं सासूबाई सांगायच्या. तेव्हापासून आमच्या घरात कुणी परातीवर बोटं वाजवली तरी मामंजी करडे व्हायचे.

अशा घरात भावजींसारखं पोरगं जन्माला यावं! मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जायचे, पण कान सगळा सुरांकडं. मॅट्रिकला बसायच्या आधीच मुंबईला मामाच्या खोलीवर पळून गेले. तिथं सिनेमाची गाणी भरतात त्या जागी वाद्यं उचलून ठेवायचं काम मिळालं. गोव्याकडचे एक म्हातारे मास्तर होते, त्यांचा खांदा दुखायचा, म्हणून त्यांचा चेलो भावजी वाहायचे. वाहता वाहता शिकले. मास्तर थकले, गावी जायला निघाले, तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं तूच उचलला, आता तूच ठेव." असा तो चेलो वाटूरला आला.

येऊन बसला विहाराच्या मागं लिंबाखाली. शाळेतल्या मास्तरांनी एक मोडकी खुर्ची दिल्ती, तिच्यावर बसून भावजी रोज दुपारी वाजवायचे. मामंजींनी शेताकडं जायची वाटच बदलली. लिंबावरून सरळ जायचं सोडून विहिरीला वळसा घालून जायचे, उन्हातान्हात. बाप तिकडून जाताना दिसला की गज आपोआप थांबायचा आणि बाप गेला की भावजी तिकडं बघत बसायचे. मला म्हणायचे, "वैनी, लोकांचं काय घेऊन बसलात? आबांनी एकदा ऐकावं. एकदाच. मंग म्हणाले तर फोडून टाकतो."

एकदा मी जात्यावर ओवी म्हणत होते. भावजी दाराशी उभे. "परत म्हणा," म्हणाले. मी लाजले, पण म्हणलं. दुसऱ्या दिवशी लिंबाखालून माझीच ओवी ऐकू आली. माझ्या आईची, तिच्या आईची ओवी, पण बाप्याच्या गळ्यातून आल्यासारखी! पुढं ती कव्वालीसारखी उसळली आणि शेवटाला गिरजाघरात म्हणतात तसली काहीतरी संथ झाली. मी कपाळावर हात मारून घेतला. हे काय, ओवीला कुठून कुठं नेलं या माणसानं!

असल्या चाली ते स्वतः बांधायचे. जालन्यात कव्वालांच्या मागं वाजवलं, तीर्थपुरीला नाटकवाल्यांत वाजवलं, जयंतीला भीमगीतांना साथ केली. आणि सगळीकडं सारखीच बोलणी खाल्ली. कव्वाल म्हणायचे हे सिनेमाचं हाय, सिनेमाचे म्हणायचे हे किरिस्तावाचं हाय, नाटकवाले म्हणायचे हे बायकांचं जात्यावरचं हाय. भावजी म्हणायचे, "सगळ्यांचं बराबर हाय."

मंग झालं असं, की गावातले मोठे शेतकरी काकासाहेब आमच्या वस्तीत आले. स्वतः! आमच्या अंगणात! सासूबाईंनी घाबरून कोंबडीच हाकलली. काकासाहेबांच्या पोरीचं लग्न ठरलेलं, जावई शहरातला इंजिनिअर, त्यानं जालन्यात भावजींना ऐकलं होतं म्हणे, आणि लग्नात हेच वाजप पाहिजे म्हणून हट्ट धरला होता.

मामंजी बाजेवर बसलेले. उठले न्हाईत. "काकासाहेब," म्हणाले, "आमच्याकडचं दारातलं वाजवणं बंद झालंय. तुम्हाला ठावं हाय."

"आरं, हे काय हलगीय का तात्या? हे तर इंग्रजी हाय!"

भावजी मधे बोलले. "काकासाहेब, मी येतो. पण पाहुणा म्हणून येईन, आणि मांडवात खुर्चीवर बसून वाजवीन."

काकासाहेब हसले. "खुर्ची कशाला? पेटीवाले, तबलेवाले मांडी घालूनच बसतात की. तू बी बस सतरंजीवर."

भावजींनी चेलो घेतला, खाली मांडी घातली आणि तो मांडीवर धरायला गेले. चेलो कधी उजवीकडं कलंडला, कधी डावीकडं. भावजींचं नाक घासलं त्याला. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. "बघा," भावजी म्हणाले, "हे उभ्यानं वाजत न्हाई आणि मांडी घालून बी वाजत न्हाई. याला खुर्चीच लागते. मी काय करू?"

काकासाहेबांचं तोंड उतरलं. मांडवात खुर्च्या म्हंजे आमदार, डॉक्टर, जावयाचे मामे यांना. गावची बाकी मंडळी जाजमावर. आणि त्यांच्या पुढं तातेरावाचं पोरगं खुर्चीवर? ते तसेच माघारी गेले. पण पोरगी रडली असंल, जावई रुसला असंल, चार दिवसांनी निरोप आला: ये, खुर्ची ठेवतो.

आता आमच्या वस्तीत आग लागली. साहेबराव आमच्या समाजाचे पुढारी, विहारात सगळ्यांना बोलावलं. "ठराव म्हंजे ठराव," म्हणाले. "आज खुर्चीवर वाजवशील, उद्या हलगी घ्या म्हणतील. गेलास तर समाज तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई."

मामंजी सगळ्यांदेखत भावजींना म्हणाले, "तू गेलास तर मला आबा म्हणू नको."

घरी आल्यावर मी भावजींना बोलले, "तुम्हाला बापानं ऐकावं वाटतं, आणि बाप तोडून जायला निघालात? डोकं ठिकाणावर हाय का?"

"वैनी, आबांना वाटतं मी पुन्हा त्याच जागी उभा राहीन. मी तिथं बसलेला त्यांनी बघितला तर कळंल की ती जागा आता न्हाई. दुसरं कसं सांगू? बोलून ऐकतात का ते?"

मी पदर खोचला आणि भाकरी थापायला बसले.

लग्न दुपारचं. ऊन असं की जमिनीवर पाय ठरंना. आम्ही वस्तीतल्या बायका रस्त्याच्या पलीकडं, पडक्या भिंतीच्या सावलीला उभ्या. साहेबराव आले, अजून दहापंधरा बाप्ये आले. आत जायचं न्हाई, पण बघायचं तर होतंच. आणि मी वळून बघते तर सगळ्यांच्या मागं मामंजी! बाभळीला टेकून. मी धास्तावले. म्हणलं आज काय होतंय देव... न्हाई, देव तर आम्ही सोडले होते, पण तोंडात यायचंच.

भावजी इस्त्रीचे कपडे घालून, चेलो खांद्यावर घेऊन आले. काकासाहेबांचा माणूस पुढं झाला आणि हातानं दाखवलं: "ही घ्या तुमची खुर्ची."

खुर्ची होती. नवी, लोखंडी, घडीची. पण ती मांडवाच्या बाहेर ठेवली होती. दाराच्या डाव्या अंगाला, जिथं चपलांचा ढीग पडला होता, बराबर तिथं. जिथं मामंजी हलगी घेऊन उभे राहायचे, तीच जागा.

साहेबराव फिसकन म्हणाले, "घ्या! दिली खुर्ची." मी मामंजींकडं बघितलं न्हाई. बघवलंच न्हाई.

काकासाहेब मांडवाच्या आतून हात जोडून हसत होते. कबूल केल्यापरमाणं खुर्ची दिल्ती, त्यांच्या हिशोबानं काही खोटं न्हाई. आणि मला अजून वाटतं, त्यांना त्यात काही वंगाळ वाटलंच नव्हतं. वाजवणारा कुठं असतो? तिथं असतो. त्यांच्या डोळ्याला दुसरी जागा दिसतच नव्हती.

भावजी खुर्चीकडं बघत उभे राह्यले. मला वाटलं आता परत फिरतात. का आत घुसतात? त्यांनी पायानं चपला बाजूला सारल्या. खुर्ची उचलली. आणि ती गरकन फिरवून ठेवली. पाठ मांडवाकडं, तोंड रस्त्याकडं. आमच्याकडं. मंग बसले, चेलो गुडघ्यात धरला आणि वाजवायला लागले.

मी काय सांगू. माझीच ओवी होती. मांडवातली मंडळी जाजमावर बसून माना उंच करून बघून राह्यली, तर त्यांना दिसतंय काय? वाजवणाऱ्याची पाठ! कुणीतरी ओरडलं, "आरं, इकडं तोंड कर!" भावजींचा गज चालूच. मंग जावई उठला, बाशिंग बांधलेला, आणि तरातरा बाहेर आला. त्याच्या मागं त्याचे दोस्त, मंग वऱ्हाड, मंग आमदार का कोण ते. एकेकजण चपला शोधत, तळपाय भाजून घेत बाहेर येऊन उभा. खुर्चीवर बसलेला एकटा देवानंद आणि भोवती सगळं गाव उन्हात उभं! काकासाहेब सगळ्यांत शेवटी आले. त्यांच्या एका पायात चप्पल होती, एक सापडली नव्हती.

आमच्या बायका तोंडाला पदर लावून बघतायत. साहेबरावांचा जबडा खाली.

तेवढ्यात मागून माणसं बाजूला झाली आणि मामंजी पुढं निघाले. सरळ भावजींकडं. मी म्हणलं संपलं, आता चेलोच फोडतात. भावजींनी बाप येताना बघितला आणि गज थांबवून ताडकन उठून उभे राह्यले. बाप उभा असताना पोरानं खुर्चीवर बसायची आमच्यात रीत न्हाई, मंग भोवती गाव असो का आमदार.

मामंजी समोर येऊन ठाकले.

मामंजींनी विचारलं, "संपलं का?"

"न्हाई, आबा... निम्मं राह्यलंय."

मामंजींनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून त्यांना खाली बसवलं. "मंग उठला कशाला?" म्हणाले. "बस."

आणि स्वतः शेजारी उभे राह्यले, शेवटपर्यंत, कुणाकडं न बघता. भावजींचे एक-दोन सूर घसरले बी. पण वाजवलं.

संध्याकाळी साहेबरावांनी पुन्हा विहारात बैठक घेतली. ठराव मोडला का न्हाई मोडला? पोरगं गावाच्या दारात वाजवून आलं, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. मामंजी म्हणाले, "वाजवलं ते आपल्यासाठी. दार त्याच्या पाठीमागं होतं. पाठीमागं कुणाचं दार हाय, ते वाजवणारा कशाला बघत बसंल?" साहेबरावांनी डोकं खाजवलं, आणि बैठक चहावर संपली. समाज आमच्या घरचं पाणीच काय, चहा बी प्याला.

काकासाहेबांच्या पोरीचं लग्न मात्र गावात वर्षभर गाजलं. वऱ्हाडी म्हणे माघारी जाऊन सांगत होते, वाटूरला वाजप ऐकायला उभं राहावं लागतं. पुढं भावजींना रेडिओवर बोलावणं आलं, जालन्यातल्या पोरांना शिकवायला लागले, चाली बांधत राह्यले. बोलणी बी खात राह्यले, ती काही सुटली न्हाईत.

लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. भावजी लिंबाकडं जायला चेलो उचलत होते. मामंजी बाजेवरून म्हणाले, "देवा, एवढ्या उन्हाचं तिकडं कशाला जातोस? इथंच बस." भावजी गपकन थांबले. माझी भाकर तव्यावर करपली.

भावजींनी अंगणात खुर्ची मांडली, तीच ओवी वाजवली. मामंजी डोळे मिटून पडलेले. वाजवून संपलं. भावजी वाट बघून राह्यले, मी बी.

"ते मधलं कव्वालीचं," मामंजी म्हणाले, "लई लांबवतोस. कंटाळा येतो."