साडभाऊ आणि उन्हाचा स्वयंपाक

सूर्य रोज सकाळी उगवतो तो निव्वळ आपला सातवीचा तास नीट पार पडावा म्हणून, अशी मनोमन खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्याकडे या नात्याला साडभाऊ म्हणतात. बायको निदान बघून करता येते. साडभाऊ तिच्यासोबत न बघता येतो. हे आमचे साडभाऊ एकोडीच्या अलीकडच्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत. झाडं आपलं अन्न कसं तयार करतात, यावर पुस्तकात एकच धडा असतो. बाकीचे शिक्षक फळ्यावर एक पान काढतात, त्याला चार बाण मारतात, ऊन, पाणी, हवा आणि अन्न अशी नावं देतात आणि हात झटकून मोकळे होतात. साडभाऊ शाळा उघडली की हा धडा काढत आणि होळी आली तरी मिटत नसत. चुंबक, ध्वनी, उष्णता वगैरे किरकोळ विषय ते परीक्षेच्या तोंडावर, दारात आलेल्या वर्गणीवाल्यांची बोळवण करावी तसे उरकत. त्यामुळे त्या गावातलं शेंबडं पोरही 'हरितद्रव्य' हा शब्द न अडखळता म्हणतं, आणि चुंबकाला ध्रुव किती असतात याबद्दल मात्र गावात अजून एकमत नाही.

त्यांच्यासोबत जेवायला बसणं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात बसणं. साडभाऊंच्या मते माणूस हा मुळातच आयतोबा. पानं दिवसभर उन्हात उभी राहून रांधतात आणि आपण पंख्याखाली बसून खातो, वर मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं करतो. एकदा आमच्या घरी भात जरा गिचका झाला होता आणि मी तसं बोलून गेलो. साडभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. "सारा पावसाळा चिखलात उभं राहून त्या धानानं हे तांदूळ केले, अन् तुम्ही गिचका म्हणून राहिले?" माझी बायको, जिने तो भात शिजवला होता, कृतार्थ नजरेने त्यांच्याकडे पाहत होती. तेव्हापासून आमच्या घरात भाताविषयी मत देण्याचा अधिकार मला राहिलेला नाही.

भंडाऱ्याच्या मे महिन्यात शहाणी माणसं दारं लावून कूलरसमोर पडून असतात. साडभाऊ अशा भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलवर साकोलीला आमच्याकडे येत. मी उन्हाला शिव्या दिल्या की त्यांना त्या आपल्या घराण्याला दिल्यासारख्या लागत. "ऊन काय म्हणता साडभाऊ, वरून जेवण पडून राहिलं," असं म्हणत आणि तांब्याभर पाणी घटाघटा पीत. अशाच एका भेटीत त्यांनी आमच्या बैठकीतला मनीप्लांट पाहिला. त्याला काळकोठडीत डांबल्याबद्दल त्यांनी मला भरपूर सुनावलं आणि कुंडी उचलून स्वतः गच्चीवर नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत मनीप्लांटचा पापड झाला. हेच मी केलं असतं तर बायकोने माझं काय केलं असतं याची कल्पना मी करू शकतो; पण ती म्हणाली की भाऊजींनी चांगल्यासाठीच केलं, झाडालाच ऊन सोसलं नाही.

त्यांच्या खिशात टिंक्चर आयोडीनची बाटली कायम असे. आयोडीनचा थेंब ज्यावर टाकल्यावर काळानिळा होतो त्यात पिष्ट असतं, म्हणजे पानाने उन्हात केलेली कमाई असते. हे ज्ञान वर्गात दिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण माझ्या पुतणीच्या लग्नात वंदना झाली, मंगल परिणय झाला, फोटो झाले, पंगत बसली, आणि नवरदेवाच्या मामांनी शेजारी बसलेल्या साडभाऊंना सहज विचारलं की तुम्ही शाळेत काय शिकवता. हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो हे आम्हा घरच्यांना ठाऊक आहे. मामा नवे होते. साडभाऊंनी उत्तर म्हणून बाटली काढली आणि मामांच्या भातावर थेंब टाकला. पांढराशुभ्र भात क्षणात शाईसारखा झाला. मामा ताडकन उठले. मुलीकडच्यांनी भातात काहीतरी घातलंय, अशी कुजबुज पंगतभर पसरली आणि अर्धी पंगत मामांच्या मागोमाग हात धुवायला गेली. साडभाऊ बाटली हातात धरून उरलेल्यांना धीर देत होते, "घाबरू नका, काही नाही, सगळ्यांच्याच ताटात आहे." यानंतर उरलेली अर्धीही उठली.

वर्गात मात्र हा माणूस वेगळाच असे, हे मला मान्य केलंच पाहिजे. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, असं सांगून ते पोरांना त्यात कामाला लावत. एक पोरगा तोंडाला हळद फासून सूर्य होई, दोघं-तिघं मुळाकडून पाणी होऊन सरपटत वर चढत, आणि कार्बन डायऑक्साइड व्हायला कोणी तयार नसल्यामुळे ते काम सर स्वतः करत. असा एकदा स्वयंपाक रंगात आला असताना एका मुलीने विचारलं, "सर, मंग भांडे कोण घासते?" वर्ग खो-खो हसला. साडभाऊ हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते तडक माझ्याकडे आले, समोरच्या चहाला हात लावला नाही आणि म्हणाले की इतक्या वर्षांत एकाही पोराने हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पोरगी थट्टा करत असेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला सातवी नापास झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला उत्तर दिलं: या स्वयंपाकात जे उरतं ते झाड बाहेर टाकतं, तोच ऑक्सिजन, आणि झाडाचं ते खरकटं आपण नाकाने चाटूनपुसून नेतो म्हणून तर जगतो. मुलीने घरी जाऊन आईला सांगितलं की आपण सगळे खरकट्यावर जगणारे आहोत, असं सरांनी शिकवलं. आई गावातल्या दारूबंदी समितीची अध्यक्ष होती. या मास्तरावर लक्ष ठेवायला पाहिजे, हे तिने तेव्हाच ठरवलं असावं.

आता पानाने पिष्ट केलं हे दाखवायचा एक प्रयोग असतो. पान पाण्यात उकळायचं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढायचा आणि मग त्यावर आयोडीन टाकायचं. साडभाऊंचा हा प्रयोग कधीच शेवटाला गेला नव्हता. एकदा तयार केलेलं पान शेळीने खाल्लं, एकदा आभाळ आलं, एकदा पोरांनी पान इतकं उकळलं की त्याची भाजी झाली. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी हट्टाने शाळेच्या मागच्या भिंतीआड तीन विटांची चूल मांडली. बाहेर मोहफुलं पडायला लागलेली, भिंतीआड जाळ, जाळावर भांडं, भांड्यातून उग्र वास, आणि एक माणूस पुन्हा पुन्हा झाकण उचलून आत डोकावतोय. गावाला यापुढे डोकं चालवायची गरज पडली नाही.

समितीच्या बायांनी नुकत्याच बोडीच्या काठावरच्या, म्हणजे गावतळ्यालगतच्या, सगळ्या हातभट्ट्या फोडल्या होत्या. हात अजून शिवशिवत होते. त्या काठ्या घेऊन आल्या आणि भांडं लाथेने उलथून टाकलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "गुर्जी, आमचे नवरे आमी कसेबसे सुधरवले. आता पोरं तुमच्यापासून सांभाळाव का?" मुख्याध्यापकांना त्याच क्षणी फार तातडीचं काम आठवलं आणि ते कचेरीचं दार आतून लावून बसले. संध्याकाळपर्यंत गावातले बाप, ज्यांना पुष्कळ दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या दारूवर बोलायला मिळत होतं, आम्ही पोरं काढून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो असं म्हणू लागले. शाळेत पोरं आधीच थोडी. आणखी गेली असती तर शाळेला कुलूप लागलं असतं आणि साडभाऊंच्या नावाला दारूचा डाग.

बायकोने मला पाठवलं. साडभाऊ शाळेच्या ओसरीवर एकटे बसले होते. आळ आल्याचं त्यांना दुःख असेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पान चांगलं पांढरं झालं होतं साडभाऊ. आयोडीन टाकाचंच राहिलं होतं." मी सांगितलं की माफी मागून मोकळे व्हा. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, उठले आणि सरळ अध्यक्षबाईंच्या घरी गेले, मागोमाग मी. त्यांनी एवढंच मागितलं की हाच प्रयोग मी पुन्हा करतो, त्यासाठी झाड तयार झालं की सगळ्यांनी यावं आणि आपल्या डोळ्यांनी पाहावं. त्यात दारू निघाली तर मी स्वतःहून गाव सोडतो. बाई तयार झाल्या. साडभाऊंचे आजवरचे प्रयोग ठाऊक असल्यामुळे, गाव सुटल्याची बातमी बायकोच्या बहिणीला कशी सांगायची याची जुळवाजुळव मी वाटेतच सुरू केली.

घमेल्यात लावलेली जास्वंद त्यांनी शाळेतल्या तांदळाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली. पानातलं जुनं अन्न संपावं म्हणून तिला उपाशी ठेवावं लागतं, असं ते म्हणाले. मग ती उन्हात काढली आणि एका मोठ्या पानावर काळा कागद बांधला. कागदात काहीतरी कापायचं होतं, म्हणजे तेवढ्याच जागी ऊन पडेल. ते काम त्यांनी अध्यक्षबाईंच्या मुलीला दिलं. तिने पुष्कळ विचार करून 'भात' हा शब्द कापला. शेळ्या फिरकू नयेत म्हणून मुलींनी पाळीपाळीने पहारा दिला.

ऊन पुरेसं झाल्यावर बाया पटांगणात अंथरलेल्या सतरंजीवर बसल्या, बाप कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्षबाईंनी आधी स्पिरिटची बाटली हुंगली आणि बाकीच्या बायांकडे फिरवली. मोहाची नाही, सुई टोचायच्या आधी लावतात ते आहे, असा निकाल त्यांच्या अनुभवी नाकांनी एकमताने दिला. पान उकळलं गेलं. स्पिरिट हिरवं झालं आणि पान पांढुरकं. साडभाऊंनी ते ताटलीत पसरलं. त्यांनी पानभर आयोडीन टाकलं. काही झालं नाही. भिंतीपाशी कोणीतरी मुद्दाम खोकलं. मग पानाच्या मधोमध एक काळपट डाग दिसायला लागला, त्याला कडा फुटल्या, काना आला, आणि निळाकाळा 'भा' वर उमटला. 'त' वाऱ्याने कागद सरकल्यामुळे फिस्कटला होता.

बाई वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "रंग त सगळ्या पानावर टाकला," त्या म्हणाल्या. "मंग इथंच काहून काळा झाला?"

या एका प्रश्नावर तासभर बोलू शकणारा माणूस समोर उभा होता. पण उत्तर मुलीने दिलं. "माय, इथंच ऊन पडलं होतं. इथंच रांधलं त्यानं."

बाई सरळ झाल्या. पानाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळून, पोरं कुठंही जाणार नाहीत, एवढंच बोलल्या. भिंतीपाशी उभ्या एकाही बापाला आपलं वेगळं मत आठवलं नाही. मात्र स्पिरिटची बाटली समितीच्या ताब्यात राहील, गुर्जींना लागेल तेव्हा दोन बाया ती घेऊन येतील आणि काम होईपर्यंत बसतील, असंही त्यांनी जाहीर केलं. एखाद्या शिक्षकाचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही. साडभाऊंना तो सन्मान वाटला. बाया बाटली राखायला येत आणि प्रश्न विचारत बसत. रात्री झाड उपाशी झोपते का, हा प्रश्न त्यांच्यातल्याच एकीचा, आणि त्याचं उत्तर मला फोनवरून पूर्ण ऐकावं लागलं.

यंदा त्यांची बदली झाली, पार तुमसरच्या पलीकडे, नाकाडोंगरीच्या बाजूला. सामान पोचवायला मी सोबत गेलो. बसमध्ये माझी तयारी होती की हा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक झाडावर व्याख्यान देईल. तो सारा वेळ आभाळाकडे बघत बसला. बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, पऱ्ह्यांची रोपं लावायला, म्हणजे रोवणीला, आली होती, आभाळ काठोकाठ भरलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. नवी शाळा लहान होती. पोरं वर्गाच्या दारात गोळा होऊन नव्या सरांकडे बघत होती आणि आपसात अर्ध्या हिंदीत काहीतरी बोलत होती. साडभाऊ पायरीवर थांबले, वर पाहिलं, आणि एखादा नवा नोकरीला लागलेला पोरगा बोलेल तशा आवाजात मला म्हणाले, "साडभाऊ, आज ऊनच नाही. पहिल्याच दिवशी या लेकराईले काय दाखवू?"

मला खरं तर पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हटलं, पडेल, दुपारपर्यंत पडेल. त्यांनी मान डोलावली, चप्पल काढली आणि आत गेले.

परतीच्या बसमध्ये सगळे पावसाची वाट पाहत होते. शेजारचा म्हातारा खिडकीतून ढगांना हात जोडत होता. मी मात्र मनातल्या मनात, थोडा वेळ तरी ऊन पडू दे म्हणून विनवत होतो. रोवणीचे दिवस होते, म्हणून मोठ्याने बोललो नाही.