टर्बोचा दोष नव्हता

वणीचा तो मिस्त्री माणसांशी कमी बोलतो. गाडी आली की पाना उचलायच्या आधी धूर हुंगतो. माझ्या लेकाचा कोळशाचा ट्रक चढावर ओढत नव्हता, एकदा तर मागे घरंगळला. बाकीचे मिस्त्री म्हणाले, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बदला. हा म्हणाला, "टर्बो चांगला हाय, माय. डिझेल उशिरा पेटून राह्यलं, मंग जोर कुठून येईन?" डिझेल जरा आधी पेटावं म्हणून त्याने डिझेल-पंपाचं टाइमिंग थोडं पुढे घेतलं आणि भरल्या ट्रकात लेकाशेजारी जाऊन बसला.

"तू कायले जातं?" मी विचारलं.

"हात माहा लागला, त मले नको का बसाले?"

मी चढाच्या पायथ्याशी उभी राहिले. टर्बोची शिट्टी लगेच वाजली आणि ट्रक न थांबता वर गेला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.