अमेरिकेकडून घेतलेली पोच

मी गाव सोडलं त्या दिवशी कारंज्याच्या एसटी स्टँडवर एवढी गर्दी उसळली की मूर्तिजापूरच्या गाडीला फलाट सापडेना. सतरा माणसं होती, हे मान्य. पण आमच्याकडची सतरा माणसं एकदम बोलायला लागली की सत्तरांचा गलका होतो, तेव्हा गर्दी म्हटलं तर काही चुकलं नाही. मायनं ठेच्याचा डबा बॅगेत कोंबला. तो असा जहाल की पुढं मुंबईच्या विमानतळावर सामान हुंगणारं कुत्रं दोन पावलं मागं सरलं आणि त्यानं मला नमस्कार केला. श्रावणकाका, म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर, गाडीत चढून स्वतः घंटी वाजवायला निघाले. ड्युटीवरच्या कंडक्टरशी त्यांची जुंपली आणि गाडी पाच मिनिटं तिथंच. बाबांनी खिडकीतून माझी कागदांची पिशवी परत एकदा चाचपली आणि म्हणाले, "कोनालेई कागद देशीन तं पोच घेत जा. पोच नाई तं कागद देल्लाच नाई."

बाकी लोक लेकराला देव आठवायला सांगतात. आमच्या बाबांचा देवावर विश्वास आहे, पण पोचवर जास्त. तहसीलीत तीस वर्षं अर्ज देऊन देऊन झालेला तो विश्वास आहे.

हे लिहितोय ते गावातल्या मंडळींसाठी, आणि दुबई, दोहा, मस्कत असं जिथं तिथं जाऊन पडलेल्या आपल्या पोट्ट्यांसाठी. इंझोरीच्या अलीकडच्या वळणावर आमचं गाव, नकाशात शोधू नका. तिथं माझ्या नावावर एक गोष्ट फिरते. ती आता इतकी फुगली आहे की तिच्यात भर घालायला खुद्द मला जागा उरलेली नाही. म्हणून मूळची सांगून टाकतो.

मी कुवेतमध्ये अमेरिकन फौजेच्या एका कॅम्पात कामाला आहे. काम कपडे धुण्याचं. गावी आमच्या घरी धुणं म्हणजे माय, अडाण नदी आणि एक काळा खडक. आता माझ्यापुढं बारा मशिनी, गळ्यात बॅज, आणि प्रत्येक पिशवीला टोकन. शिपायांच्या पँटीला एवढे खिसे असतात की एका पँटीत माणूस संसार मांडेल. धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा, सापडलेली वस्तू पारदर्शक पुडीत घालायची, आणि धुतल्या कपड्यांबरोबर मालकाला परत. हा नियम. वाळवंटात शिफ्ट संपली की "यल्ला, हबीबी", म्हणजे चल रे दोस्ता, करत बसमध्ये चढायचं, खोलीवर जाऊन ज्वारीच्या भाकरीची आठवण काढायची आणि खबूस नावाची थंड रोटी चावायची.

पण पहिल्या फोनवर मायनं विचारलं, "काय काम हाये बापा?" आणि मागं अख्खी आळी कान लावून बसलेली. अशा वेळी माणसानं काय सांगावं? मी म्हणालो, कर्नलसाहेब मला विचारल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. खोटं नव्हतं. त्यांचा युनिफॉर्म माझ्याकडं होता. पुढच्या फोनला मी आपोआप सल्लागार झालो, आणि दिवाळीपर्यंत अमेरिकेची निम्मी फौज माझ्या शब्दावर उठबस करू लागली.

मग एके दिवशी अमेरिकेनं आखातापलीकडं बॉम्ब टाकले. कॅम्पात भोंगे वाजले, आम्ही काँक्रीटच्या बंकरात पळालो. गावी सांगताना तो बंकर मीच बांधला होता. फोनवर फोन! "गजू, काय चाललं बे? तू काहून बोलत नाई साहेबाले?" मी छातीठोकपणे म्हणालो, बोलणी सुरू आहेत. आणि माझी ही थाप थेट ग्रामसभेत जाऊन बसली.

शाळेच्या ओसरीत सभा. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह झाला, घरकुलांची यादी झाली, आणि मग आला तो विषय ज्याच्यासाठी खरं तर लोक येतात: अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. बाबा उठले. विषय, अमेरिका. मी इकडं घडी घालायच्या टेबलाशी, एका कानात फोन.

श्रावणकाका अमेरिकेच्या बाजूनं पेटले. "शेजारचा दारू पिऊन बायकोले बदडून राह्यला. तुमी दार वाजवसान का टीव्हीचा आवाज वाढवसान? सांगा ना!"

"दार वाजवा, कोन नाई म्हनते?" ही सुमनमावशी. तिची पिठाची गिरणी आहे, त्यामुळं गिरणीच्या वर आवाज काढायची तिला सवय. "पन बायकोले सोडवाले गेले अन् घरालेच काडी लावली, तं ते बाई ऱ्हाईन कुठी?"

"काडी मुद्दाम लावते काय कोनी? लागते एखाद्या टायमाले!"

"तुमच्या घराले लागली की मंग सांगजा, एखाद्या टायमाले म्हून!"

हशा झाला. मग बाबा. "आपल्याच शिवारात दोघा भावाचं धुऱ्याच्या बांधाहून भांडन झालं. तिसरा सोडवाले आला. भांडन मिटलं. त्या तिसऱ्याचे बैल अजून त्याच वावरात चरून राह्यले." सगळ्यांनी एकाच माणसाकडं पाहिलं असणार, कारण फोनमध्ये कुणीतरी ओरडलं, "माह्याकडं काय पाहता बे!"

कुणीतरी म्हणालं, गजू तिथंच हाये, त्याले इचारा. आणि मला असं स्फुरण चढलं की काय सांगू! मी दोन साक्षीदारच फोनवर उभे केले. एक अबू फहद, कुवेती, आम्हाला साबण पुरवणारा ठेकेदार. तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "हम छोटा था. इराक का फौज आया. सात महीना माँ ने खिड़की नहीं खोला. फिर ये लोग आया, हमको छुड़ाया. हमने बुलाया, तब आया. गलत?"

मग श्रावणकाकांचा विजयी आवाज, "पाहा! पाहा!"

दुसरा गुल खान, आमचा शिंपी, पाकिस्तानच्या डोंगराळ सरहद्दीवरचा. तो शिपायांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या शिवतो. सुई खाली न ठेवता तो म्हणाला, "मेरे चाचा ने किसी को नहीं बुलाया था. वो चाय पी रहे थे, ऊपर से अमरीका का बम गिरा. जिसको ढूँढ रहे थे, वो तो एक दिन पहले निकल गया था." एवढंच बोलून त्यानं दोरा दातानं तोडला.

या वेळी कुणी "पाहा" म्हणालं नाही. सुमनमावशी म्हणाली, "म्हंजे बलावलं होतं का नाई, एवढाच फरक झाला."

"अन् ज्याच्या तोंडावर हात दाबला हाये, तो बलावन कसा?" श्रावणकाका. गंमत वाटेल, पण मी आजवर ऐकलेला सगळ्यात कठीण प्रश्न तो आहे. टीव्हीवरचे कोटवाले त्यापर्यंत पोचत नाहीत. यावर अर्धा तास गेला. माझ्या हिशोबानं नऊ तास. उत्तर निघालं नाही, पण ठराव निघाला. सचिव म्हणाले, असा ठराव घेता येत नाही. बाबा म्हणाले, ऐनवेळच्या विषयात बसते. आणि बसवला:

"अमेरिकेने परक्या देशात फौज अथवा विमान पाठविण्यापूर्वी तेथील ग्रामसभेची परवानगी घ्यावी. बोलावल्यास जावे. काम झाल्यावर परत यावे, बैल मागे ठेवू नयेत. ज्याचे तोंड दाबलेले आहे त्याने कसे बोलवावे, याबाबत सभेचे एकमत होऊ शकले नाही. तरी एकट्याने ठरवू नये."

सूचक बाबा. शेवटची दोन वाक्यं घातल्यावर अनुमोदक श्रावणकाका. गोल शिक्का. मग प्रश्न आला, पाठवायचा कसा? बाबा भर सभेत उभे राहिले. "माहा पोरगा साहेबाच्या हातात देईन. अन् पोच आनीन."

टाळ्या! माझ्या हातातली पँट खाली पडली.

आता माझी गोची बघा. आमच्या कंपनीचा नियम साफ आहे: कॅम्पात राजकारणाचा कागद फिरवणाऱ्याचा बॅज जप्त आणि पुढचं विमान. दिला तर नोकरी जाते. नाही दिला तर बाबांचा शब्द जातो, तोही शिक्क्यानिशी.

मी सुपीक डोक्याचा माणूस. युक्ती काढली. गुल खानकडून इंग्रजी करून घेतलं, दोन प्रती काढल्या, आणि ठरवलं की एक प्रत पुडीत घालून कर्नलच्या धुतल्या कपड्यांत ठेवून द्यायची. खिशात सापडलेली वस्तू! नियमातच बसलं. गुल खाननं चष्म्यावरून पाहिलं. "जेब में डाला तो पर्ची है, गजू. हाथ में दिया तो बात है. तेरे बाप ने क्या बोला था?"

बाबांनी हातात म्हटलं होतं.

कर्नल काही माझ्या हाताला लागणारा नव्हता, पण सार्जंट डाना रोज सकाळी दहाला लाँड्री तपासायला येते. उंची एवढी की पंख्याची पाती बघून चालावं लागतं. तिच्या बापाची सोयाबीनची शेती आहे. पहिल्या महिन्यात हे कळलं आणि आमची गट्टी जमली, कारण पिवळं पडलेलं सोयाबीन वाशिममध्ये काय आणि अमेरिकेत काय, शेतकऱ्याला सारखंच रडवतं. त्या दिवशी मी तिच्यापुढं सावधान उभा राहिलो. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं. कागद तेवढा पुढं केला.

तिनं उभ्यानं वाचला. बैलांपाशी हसली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि या वेळी बैलांपाशीही हसली नाही. म्हणाली, "आमच्या गावातही अशी सभा भरते. रस्त्यातल्या खड्ड्यावर आम्ही दोन दोन तास भांडतो. या लढाईबद्दल आम्हाला कुणी विचारलं नाही."

मी दुसरी प्रत पुढं केली आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.

"हे काय?"

"पोच, मॅडम. वडलांना लागते."

"मी सही केली म्हणजे मला हे मान्य आहे असं नाही."

"पोचचा अर्थ तेवढाच असतो, मॅडम. कागद मिळाला."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की बारा मशिनी फिरायच्या थांबल्या. मग पेन काढलं. लिहिलं, "मिळाला". सही, हुद्दा, तारीख.

दुपारी बातमी आमच्या मुदीरला, म्हणजे साहेबाला, पोचली. बॅज काढून घेतला. तीन दिवस खोलीत बॅग भरून बसलो. फुशारकी मारायलाही कुणी नव्हतं, सगळे शिफ्टवर. चौथ्या दिवशी मुदीरनं बोलावून बॅज टेबलावर आपटला. सार्जंटनं लिहून दिलं होतं की हा कागद लाँड्रीत सापडलेली वस्तू असून नियमाप्रमाणे तिच्या हाती देण्यात आला. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी नीटनेटकी थाप मला कधी जमली नाही. शिक्षा म्हणून मला युनिफॉर्मवरून काढून टॉवेल-चादरींवर टाकलं. टॉवेलला खिसे नसतात.

पोचचा फोटो गावी पाठवला. पुढच्या सभेत बाबांनी तो वाचला, अक्षर अन् अक्षर, तारखेसकट. टाळ्या ओसरल्यावर मी म्हणालो, मलाही एक सांगायचं आहे. तीन दिवस भरलेल्या बॅगेकडं बघत बसलं की माणूस ढिला होतो. म्हणालो, मी सल्लागार वगैरे कुणी नाही. मी फौजेचे कपडे धुतो.

मग हसण्याचा असा लोट आला की फोन टॉवेलांवरून खाली घसरला.

"अबे येडपटा," बाबा म्हणाले, "तुह्या हरेक फोटोत मांगं मशिनी दिसते."

"पयल्याच फोटोपासून!" ही सुमनमावशी. "आमाले वाटलं, पोट्टं खुश हाये तं ऱ्हाऊ द्या."

मी विचारलं, "मंग सभेत माहं नाव काहून घेतलं बाबा?"

"सल्लागार म्हून थोडी घेतलं? तू देशीन म्हून घेतलं."

गाव सोडल्यापासून मी समजत होतो की घर म्हणजे जिथं आपली बढाई खपते ती जागा. इथं कुवेतमध्ये माझा बॅज पाहून लोक दार उघडतात, बॅज नसला की मी कुणीच नाही. तिकडं माझी थाप शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि तरी त्यांनी शिक्का मारून अख्ख्या गावाचा शब्द माझ्याच हाती दिला. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं.

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर उत्तर आलेलं नाही. विमानं अजून उडतात. पण बाबा हटणारे नाहीत, त्यांनी स्मरणपत्र लिहायला घेतलं आहे. तोंड दाबलेल्यानं कसं बोलवावं, त्यावर श्रावणकाकांना एक सबंध पान हवं आहे. सुमनमावशी म्हणते, एका ओळीत सांगा, साहेब एवढं वाचत नाहीत. काल दुपारी या वादात इतका आरडाओरडा झाला की टॉवेल गुंडाळताना माझाच कान सुन्न झाला. शेवटी कुणीतरी ओरडलं, "अबे गप बसा सारे! गजूचं काय म्हननं हाये?"

आणि ओसरी गप्प झाली. मी मशीन बंद केली आणि बोलायला लागलो.