अडकणारी रेकॉर्ड

मंडईमागच्या गल्लीत एक म्हातारा जुन्या रेकॉर्डी विकतो. दाढीला मेंदी, डोक्यावर जाळीची टोपी. रेकॉर्ड दोन तळव्यांमध्ये कडेनं धरतो, मधे बोट लावत नाही. गिऱ्हाइकानं स्टुलावर बसून पूर्ण ऐकल्याशिवाय तो विकत नाही.

माझा नवरा अचानक गेला. त्या रागात मी त्याच्या सगळ्या रेकॉर्डी भंगारात दिल्या. वर्षानं त्यातल्या एका गाण्याची रेकॉर्ड हवीशी वाटली. म्हाताऱ्यानं ते गाणं शोधून लावलं. स्वच्छ वाजलं.

"ही नको. आमची दुसऱ्या कडव्यात अडकायची."

"अहो आजी, लोक चांगली मागतात."

"आजी कुणाला म्हणता? स्वतःची दाढी बघा."

तो हसला नाही. "भंगारवाले माझ्याकडेच आणतात," म्हणत त्यानं टाकाऊ रेकॉर्डींचं खोकं ओढलं. त्याच गाण्याच्या चार निघाल्या. एकेक पुसून त्यानं लावली.

चौथी दुसऱ्या कडव्यात अडकली. तोच शब्द पुन्हा पुन्हा. घरी अशा वेळी नवरा उठून सुई सरकवायचा आणि मी स्वयंपाकघरातून त्याच्यावर ओरडायचे.

म्हाताऱ्याचा हात सुईकडे गेला.

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यानं हात मागे घेतला. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा जरा. बाई ऐकतायत."