पंचेचाळीस मिनिटांवरचं घर

आमचे तीन वर्षांचे रविवार जागा बघण्यात गेले. लोक रविवारी मटण आणतात, दुपारी ताणून देतात. मी आणि आमचे हे स्कूटरवर बसून कराडच्या चारी बाजूंना लोकांचे ऊस बघत हिंडलो. पुढे मोटारसायकलवर एजंट, मागे आम्ही. तो उसाच्या कडेला उभा राहून हात पसरायचा आणि म्हणायचा, "ताई, ह्यो बगा रोड." रोड म्हणजे चुन्याने मारलेल्या दोन रेघा. मी त्या रेघांकडे बघायची, हे एजंटकडे बघायचे, आणि आम्ही स्कूटर वळवायचो.

मी कराडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि ह्यांचं मंडईजवळ शिवणकामाचं दुकान आहे. दहाला दोघांनाही हजर व्हावं लागतं. म्हणून आमची अट एवढीच, की घराला कडी लावल्यापासून तासाच्या आत कामावर पोचता आलं पाहिजे आणि घराभोवती थोडी तरी माती पाहिजे. तासाच्या आत जे परवडत होतं ते तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि जिथं माती होती तिथून यायला दोन एसट्या बदलाव्या लागत होत्या. एकाने तर कवठे महांकाळकडची जागा सुचवली. "लय स्वस्त हाय," म्हणाला. ह्यांनी शांतपणे विचारलं, "सोमवारी निघालो तर मंगळवारी पोचू न्हवं दुकानात?" तो माणूस पुन्हा फिरकला नाही.

मातीचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते. ह्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या शिवणकाम. जमिनीशी त्यांचा संबंध चालण्यापुरता. मी मात्र आष्ट्याकडच्या एका मळ्यात वाढले. परसातून मिरची तोडून आणायची आणि मग फोडणी टाकायची, ही माझी सवय. लग्नानंतर एकवीस वर्षांत आम्ही भाड्याची सहा घरं केली. शेवटच्या घरात मी गॅलरीत कुंड्या मांडल्या होत्या. एक दिवस कामावरून आले तर खालच्या मालकीणबाईंनी त्या उचलून जिन्यात ठेवलेल्या. मिरचीला फुलं आली होती, ती सगळी झडून पडली होती. पाणी खाली गळतं, असं त्या म्हणाल्या, आणि खरंच गळत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी मी जिन्यात बसून ठरवलं, की गुडघे साथ देतायत तोवर आपल्या मालकीच्या मातीत एक तरी झाड लावायचं.

आणि तिसऱ्या वर्षी ते घर सापडलं. एजंटाने नाही, ह्यांच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. हायवे सोडून थोडं आत, मळ्यात, पत्र्याच्या दोन खोल्या आणि भोवती दहा गुंठे. शेवग्याचं झाड, कढीपत्ता, विहिरीत वाटा. मालक लष्करातून निवृत्त झालेले, वय झालेलं. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन चालला होता. आम्ही मुद्दाम सोमवारी सकाळी तिथून निघून बघितलं. हायवेपर्यंत स्कूटर, पुढे एसटी, स्टँडपासून पायी. माझ्या टेबलापर्यंत पंचेचाळीस मिनिटं. ह्यांनी घड्याळ दाखवलं आणि मला हसू फुटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा असेल.

मालकांच्या घरच्या आजींनी मला शेवग्याखाली बसवून विचारलं, "तुमी कुठल्या म्हणायच्या?"

"आष्ट्याकडची. आमचा मळा हाय तिकडं."

"मंग शेतकऱ्याचीच लेक की," त्या म्हणाल्या. "बरं झालं. न्हाईतर हितं ईल त्यो म्हणतुया, झाडं काढून फार्महाऊस बांदू. मला कुळवाची पाळी घालणारं माणूस पायजे हुतं."

किंमत आमच्या आवाक्यात बसत होती, कारण ती शेतजमीन होती. बिनशेती असती तर आम्ही लांबूनच नमस्कार केला असता. पंधरा दिवसांत कागद करू, असं मी सांगून आले.

वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्यापैकी खातेदार कोण?"

"मी," मी म्हणाले. इतक्या ठसक्यात म्हणाले, की ह्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"मग माहेरचा सातबारा आणा. तुमचं नाव असलेला."

माझं नाव असलेला सातबारा आता नव्हता. मी स्वतः सही करून ते नाव काढलं होतं.

आमच्याकडे बाप गेला की वारसांची नावं लागतात, त्यात लेकींचीही लागतात, आणि मग लेकी जाऊन हक्कसोड करून देतात. भाऊ साडी घेतो, सगळे मिळून जेवतात, झालं. कुणी जबरदस्ती करत नाही. करावी लागतच नाही. आई नेहमी म्हणायची, बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं. आबा गेल्यावर वर्षाच्या आत मीच दादाला फोन केला होता, "कवा येऊ सही कराय?" कॉलेजातून अर्धी रजा काढून गेले. कचेरीत बोटाचा ठसा दिला, फोटो काढला, आणि दादाला खर्चात पाडायला नको म्हणून दुकानात दोन साड्यांतली हलकी उचलली. परत येताना मला फार बरं वाटत होतं. आपण शहाण्या बहिणीसारखं वागलो, असं. त्या सहीने आपण शेतकरी राहिलो नाही, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पुस्तकं देण्याआधी पानं मोजून घेणारी बाई मी, पण तो कागद मी वाचला नव्हता.

वकिलांनी आणखी दोन-तीन वाटा सांगितल्या. प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या कचेरीत जाऊन थांबत होती. मालकांना तेवढा वेळ नव्हता.

मग मी दादाकडे गेले. सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकताच म्हणाला, "मंग माज्या नावावर घे की. त्यात काय इचार करायचा? पैसं तुजं, घर तुजं, नाव तेवडं माजं."

वहिनी चहा घेऊन आल्या. "व्हय, वन्सं, तुमी खुशाल ऱ्हावा. कोण इचारतंय?"

माझा जीव भांड्यात पडला. दुपारी मी दोन भाकरी खाल्ल्या, झुणक्याबरोबर. इतकं सोपं होतं तर आठ दिवस डोकं कशाला शिणवलं, असं वाटलं. पण सकाळी घरून निघताना ह्यांनी दारातून एक वाक्य सांगितलं होतं, आणि ते बोलल्याशिवाय परत जाणं मला जड झालं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "दादा, येवडं एका कागदावर लिवून देशील? घर माजं हाय म्हणून."

तो कागद कोर्टात टिकला असता की नाही, देव जाणे. मला तो हवा होता एवढंच.

दादाने पानाचा डबा बंद केला. मग म्हणाला, "भनीला लिवून द्याचं? तुजा इस्वास न्हाई व्हय माज्यावर?"

"तसं न्हाई रं दादा."

"मंग कसं?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बोलता आलं असतं. "मी कवा तुज्याकडं सही मागितलीती? सांग की. तूच आलीस."

आणि ते खरं होतं.

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं वन्सं, उद्या पोरं मोठी हुत्याली, त्येंच्या बायका येत्याली. असलं कागद निगालं म्हंजी घरात इनाकारन भांडनं. नगंच ती भानगड." त्या मनापासून बोलत होत्या. मला ज्या उद्याची धास्ती होती, तोच उद्या त्या मला समजावून सांगत होत्या.

मी कागद दिला तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने माझं नाव काढलं होतं. कागद मागितला तर मी परकी झाले. हे मला दादाला सांगायचं होतं, पण त्याचं तोंड बघून सांगवेना. तो वाईट माणूस नाही. मला सोडायला तो स्टँडपर्यंत आला, गवारी आणि ओल्या शेंगांचं पोतं स्वतः एसटीत चढवलं, कंडक्टरला म्हणाला, "भन हाय माजी, कराडला नीट उतरवा." खिडकीतून मी त्याला हात केला. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. नुसता शीण आला होता, तीन वर्षांच्या सगळ्या रविवारांचा.

घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोतं उतरवून घेतलं आणि शेंगा उकडायला टाकल्या. जेवताना एवढंच म्हणाले, "तुझ्या जिवाला पटत असेल तर दादाच्या नावावर घेऊ. मी काही बोलणार नाही." मी दोन दिवस विचार केला. भावाच्या नावच्या मातीत राहायचं आणि दर दिवाळीला त्याच्या पोरांच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे मला झेपणार नव्हतं. भाड्याच्या घरात निदान घरमालकीणबाईंशी भांडता येतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन मी त्या घरी फोन लावला. फोन मालकांनी उचलला. मी सांगितलं, कागदाची अडचण आहे, जमत नाही. "ठीक हाय, ताई," ते म्हणाले, "दुसरी पार्टी हाय, पुन्याची. तुमच्यासाठी थांबवून ठिवलीती." मी माफी मागितली. तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला आणि फोन त्यांच्या हातात गेला.

"व्हय बाई, तुमी कवा येताय? वांग्याची रोपं टाकलीत मी तुमच्यासाठी. आट दिसांत लावाय येत्याली."

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी लावा, आजी. जो ईल त्यो खाईल."

"जो ईल त्यो पयला जेसीबी घालंल," त्या म्हणाल्या. "मी तुमी येनार म्हणून टाकलीती."